प्रॉक्सीमागच्या उबुंटूवर ‘ॲप्ट’ चालवताना
अंधेरीतील आमच्या कार्यालयात इंटरनेट केवळ स्क्विड प्रॉक्सीच्या, म्हणजे मध्यस्थ सर्व्हरच्या, ३१२८ क्रमांकाच्या पोर्टमार्फत मिळते, त्यामुळे उबुंटू ही लिनक्स प्रणाली असलेल्या नव्या संगणकावर ब्राउझर सुरळीत चालत असतानाही ‘ॲप्ट’ हे सॉफ्टवेअर उतरवून बसवणारे साधन शून्य टक्क्यांवरच अडकून बसते. टर्मिनलमध्ये प्रॉक्सीचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामना आपोआप मिळणारी सेटिंग) लिहून भागत नाही, कारण प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणारे ‘सुडो’ सहसा अशी व्हेरिएबल्स आज्ञेपर्यंत पोहोचूच देत नाही. म्हणून ‘ईटीसी’ या सेटिंगच्या फोल्डरामधील ‘ॲप्ट’ फोल्डरात असलेल्या ‘ॲप्ट डॉट कॉन्फ डॉट डी’ या उपफोल्डरात स्वतंत्र फाइल तयार करून एचटीटीपी आणि एचटीटीपीएस या दोन्हींसाठी प्रॉक्सीची एकेक ओळ लिहावी. दुसऱ्या ओळीतही प्रॉक्सीचा पत्ता बहुधा साध्या ‘एचटीटीपी’नेच सुरू होतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम हवाच. तो एकदा विसरलो आणि जेवणाची सुट्टी चूक शोधण्यातच गेली. पत्त्यात लिहिलेल्या प्रॉक्सीच्या पासवर्डमध्ये ‘ॲट’चे चिन्ह असल्यास त्याजागी टक्क्याचे चिन्ह आणि त्याला जोडून ४० लिहावे, अन्यथा पत्ता भलत्याच ठिकाणी तुटतो. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर हेच काम ‘ॲप्ट’सारख्याच ‘डीएनएफ’ या साधनाच्या मुख्य कॉन्फिगरेशन फाइलीतील एका ओळीत होते. लॅपटॉप रोज बोरिवलीला घरी नेणाऱ्यांनी मात्र ही फाइल तिथे बाजूला हलवावी, नाहीतर घरच्या वायफायवरही ‘ॲप्ट’ कार्यालयातला प्रॉक्सीच शोधत राहते.