कुत्र्याच्या अंगावर गाठ लागली? या चुका टाळा

नागपुरात कुत्र्याच्या अंगावरून हात फिरतो तो लाडासाठी कमी, गोचीड शोधायला जास्त. त्यामुळे गाठ हाताला लागते तीही बहुतेक तेव्हाच. मग काही जण रात्रभर मोबाइलवर कॅन्सरचे फोटो बघत बसतात, आणि काही "काही नाही होत बावा, चरबी आहे" म्हणून मोकळे होतात. घाबरणारे परवडले. त्यांचा कुत्रा दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तरी पोचतो.

मऊ आहे, हलते, म्हणजे चरबीचीच

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. वय झालेल्या, अंगानं सुटलेल्या लॅब्राडॉरला चरबीच्या गाठी होतात, त्या कातडीखाली सरकतात आणि सहसा त्रास देत नाहीत, हे खरंच आहे. पण कुत्र्यांमध्ये नेहमी आढळणारा मास्ट सेल ट्यूमर हा कॅन्सरही हाताला हुबेहूब तसाच लागू शकतो. त्यातल्या पेशींतून हिस्टामिन हे सूज आणणारं रसायन सुटतं, म्हणून ती गाठ कधी फुगते, कधी आपोआप ओसरते. हळद-चुन्याच्या लेपानं गाठ अर्धी झाली म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. ती लेपाविनाही उतरली असती. दाबणं, चोळणं, शेकणं तर नकोच. त्यानं ती लाल होऊन सुजते.

नुसत्या बोटांनी खात्रीचं निदान अनुभवी डॉक्टरलाही करता येत नाही. "बघू पुढच्या महिन्यात" असं उत्तर मिळालं तर एफएनए करता येईल का, हे आपणच विचारावं. त्यात इंजेक्शनच्या बारीक सुईनं गाठीतल्या पेशी ओढून काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बहुतेकदा भूल लागत नाही. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, ही भीती कातडीवरच्या गाठींच्या बाबतीत धरून बसण्यासारखी नाही. गाठ एक सेंटिमीटरच्या वर असेल किंवा महिनाभर तशीच राहिली असेल, तर सुई घालायचीच. कधी त्यातूनही उत्तर मिळत नाही. मग तुकडा काढून तपासावा लागतो.

ही सोय जवळच्या क्लिनिकात नसेल तर सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच. शिकणारी मुलं भोवती गोळा होतात म्हणून काही मालक वैतागतात. मला तर एका गाठीकडे चार जणांनी बघणं फायद्याचंच वाटतं.

तपासणीआधीच स्टेरॉइड

जबड्याखाली, खांद्यापुढे, मागच्या गुडघ्यामागे दोन्ही बाजूंना गाठी लागल्या तर त्या लसिका ग्रंथी असू शकतात. गोचीडतापातही त्या सुजतात आणि लिम्फोमा या कॅन्सरमध्येही. रक्त आणि पेशी तपासण्याआधी स्टेरॉइड दिलं, तर ग्रंथी काही दिवस बसतात, मालक निश्चिंत होतो आणि नेमकं निदान अवघड होऊन बसतं. घरातली ब्रुफेन, कॉम्बिफ्लामही देऊ नका. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

मादीच्या पोटाकडे दुर्लक्ष

नसबंदी न झालेल्या मादीत स्तनांच्या गाठी फार दिसतात, आणि त्यांतल्या साधारण निम्म्या कॅन्सरच्या निघतात. वाटाण्याएवढी असताना काढलेली गाठ आणि लिंबाएवढी झाल्यावर काढलेली गाठ, यांत कुत्रीच्या आयुष्याचा फरक पडतो. दोन्ही बाजूंच्या स्तनांच्या ओळी पुढच्या पायांपासून मांड्यांपर्यंत चाचपा. ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे मागा, कारण हा कॅन्सर फुप्फुसात जातो. (नराच्या पोटावरच्या बारीक गाठी बहुतेकदा स्तनाग्रंच असतात. गोचीड समजून ती चिमट्यानं ओढणारेही आहेत.)

रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्यावर घाईनं चाकू

मूत्रमार्गाच्या जागी फुलकोबीसारखी गाठ आणि रक्ताचे थेंब दिसले, तर ती टीव्हीटी, म्हणजे संभोगातून पसरणारी कॅन्सरची गाठ, असण्याची शक्यता मोठी. मादीत हे रक्त 'माजावर आली' म्हणून सोडून दिलं जातं. नुसती कापली तर ही गाठ पुन्हा येऊ शकते; व्हिन्क्रिस्टीन या कॅन्सरवरच्या औषधाच्या आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी मात्र बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. हे इंजेक्शन शिरेतच जावं लागतं, बाहेर झिरपलं तर तिथलं मांस सडतं. ओळखीच्या कंपाउंडरला घरी बोलावून टोचून घेण्याचं हे औषध नव्हे.

काढलेली गाठ फेकून देणं

ऑपरेशनचा खर्च करायचा आणि तपासणीचे पैसे वाचवायचे, हा हिशेब कळत नाही. गाठ फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीला गेली तरच ती कसली होती आणि कडा साफ निघाल्या का, म्हणजे ती पूर्ण निघाली का, ते कळतं. "म्हातारा आहे, भूल झेपणार नाही" हेही परस्पर ठरवू नका. रक्त, मूत्रपिंड, हृदय तपासून डॉक्टर सांगतील.

मे महिन्यातली जखम

टाक्यांना साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेला कोन दया येऊन काढला की कुत्रा एका रात्रीत टाके उसवतो. उघड्या जखमेवर माशी बसली की अळ्या पडतात, पावसाळ्यात तर हमखास. म्हणून कुत्रा घरात, जाळीच्या आत ठेवा आणि कूलरचं पाणी जखमेवर उडू देऊ नका. भुलीनंतर काही तास त्याला स्वतःच्या अंगाचं तापमान नीट सांभाळता येत नाही, आणि आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. तातडीचं नसेल तर सकाळची पहिली वेळ मागा, आणि परत आणताना गाडी आधी थंड करून मगच त्याला आत बसवा.