रोटाव्हेटरच्या साइड गिअरचं ऑइल दुधाळ होत होतं: माझा अनुभव

गोव्यातल्या पेडण्यातली वायंगणाची (उन्हाळी भातशेतीची) चिखलणी. दर दोन दिवसांनी साइड गिअरचं ९० नंबर ऑइल दुधाळ, म्हणजे आत पाणी शिरत होतं. तीन ऑइल सील (शाफ्टभोवतीची, ऑइल आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी) बदलली, वरून सिलिकॉनही लावलं. पैसे चिखलात गेले.

दोष सीलचा नव्हताच. जुन्या सीलच्या ओठाने (आतल्या रबरी कडेने) रोटर शाफ्टवर, म्हणजे पाती फिरवणाऱ्या दांड्यावर, चर पाडला होता, नख अडकेल इतका. नवं सील त्याच चरात बसायचं.

आधी ऑइल काढा, शाफ्टला गुंडाळलेला पेंढा कापा. शाफ्ट बारीक पॉलिश पेपरने गोल फिरवत घासा, लांबीच्या दिशेने कधीच नाही. सीलवरचे तिन्ही आकडे (आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी) जुळवा. ओठावर ग्रीस, स्प्रिंगची बाजू ऑइलकडे. सील तळापर्यंत न ठोकता २ मिमी अलीकडे थांबवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो. तेवढी जागा नसेल तर शाफ्टवर स्लीव्ह (चर झाकणारी पातळ धातूची नळी) बसवा. ब्रीदर (गिअरपेटीतली हवा बाहेर सोडणारं छिद्र) मोकळा करा; तो तुंबला की दाब सीलमधूनच वाट काढतो. मग लेव्हल प्लगपर्यंत (ऑइलची पातळी दाखवणाऱ्या बुचापर्यंत) नवं ऑइल.

खाजनातून (खाडीकाठच्या खारट शेतातून) आल्यावर गोड्या पाण्यानेच धुवा.