घरी क्रेडेंझा करताय? निदान या चुका टाळा

बैठकीच्या भिंतीला लागून ठेवायचं लांब, बुटकं कपाट म्हणजे क्रेडेंझा. आमच्या बडोद्यात काल-परवापर्यंत त्याला 'टीव्हीखालचं कपाट' म्हणत. नाव बदललं, तसा मिस्त्र्यांचा भावही बदलला, म्हणून हल्ली बरेच जण घरीच करायला घेतात. जरूर करा. मी बावीस वर्षं गच्चीवर रंधा चालवतेय आणि दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी फोटो पाठवून विचारतं, "काय चुकलं, बघा ना." फोटो मोठा करायचीही गरज पडत नाही.

वरचा फळा जखडून टाकणं

सगळ्यात जास्त क्रेडेंझे यापायी फुटतात. लाकूड कापलं, पॉलिश केलं तरी हवेतली ओल घेणं-सोडणं थांबवत नाही. लांबीत फरक नगण्य असतो, रुंदीत मात्र ते फुगतं आणि आकसतं. 18 इंच रुंदीचा सागवानी फळा मे आणि ऑगस्टच्या मधे 3-4 मिलिमीटर सहज बदलतो, आणि सागवान हे त्यातल्या त्यात शहाणं लाकूड. खालचा प्लायचा खोका मात्र हलत नाही, कारण प्लायचे थर एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात. हलणारं न हलणाऱ्याला घट्ट बांधलं की कुणीतरी फुटणारच.

माझ्या भाच्याचंच सांगते. दांडिया बाजारातला नात्यातल्यांचा जुना वाडा उतरवला, तेव्हा त्याला सागवानी तुळया मिळाल्या. शंभरेक वर्षांचं लाकूड, आता ते काय हलणार, अशी त्याची समजूत. तुळया जुलैभर अंगणात भिजल्या. ऑगस्टमध्ये फळ्या पाडल्या, जोडल्या आणि फळा खोक्यावर फेविकॉल फासून 14 स्क्रूंनी आवळला. "थोडं थांब," म्हटलं, तर म्हणे, "मावशी, यूट्यूबवर दोन दिवसांत होतं." यूट्यूबवर आमची विश्वामित्री नदी वाहत नाही, हे मी मनातच म्हटलं.

दिवाळीत कपाट झकास दिसलं, पाहुण्यांनी हात फिरवून कौतुक केलं. एप्रिलमध्ये रात्री दीडला फोन आला, "मावशी, बैठकीत काहीतरी फुटलं." सकाळी जाऊन पाहिलं तर फळ्याला मधोमध दोन फुटांची चीर, रुपयाचं नाणं उभं जाईल एवढी. त्याने लगेच भुसा आणि फेविकॉल कालवून ती भरली. मी नको म्हणेपर्यंत घासूनही झाली होती. पावसाळ्यात फळा पुन्हा फुगला, भरलेला लगदा दाबून वर आला आणि चिरेच्या जागी उंचवटा उभा राहिला. चीर कोरड्या दिवसांत कडक लगद्याने भरणं म्हणजे फुगायची जागाच बुजवणं.

मी फळ्याला खालून स्क्रू लावते आणि फेविकॉल अजिबात लावत नाही. खोक्याच्या पुढच्या कडेला साधी भोकं, म्हणजे पुढची रेष जागेवर राहते. मागच्या बाजूला फळ्याच्या रुंदीच्या दिशेने लांबट भोकं पाडून वॉशर घालते. फळा मागे सरकायला मोकळा. आणलेलं लाकूड ज्या खोलीत कपाट राहणार तिथेच, मधे पट्ट्या घालून रचते. प्रत्येक फळीवर पेन्सिलने तारीख आणि रुंदी लिहिते, दर रविवारी मोजते. लागोपाठ दोन रविवार आकडा तोच आला की करवत काढायची. ओल मोजायचं मीटर आहे माझ्याकडे, पण माझा विश्वास पेन्सिलीवर.

जुन्या लाकडात खिळे असतात, त्यावरून आधी लोहचुंबक फिरवा. मी एक पातं घालवलंय.

मापांची घाई

करवतीचं पातंही 3 मिलिमीटर खातं, ते न धरता प्लायच्या 8 बाय 4 फुटी शीटवर तुकडे आखले की शेवटचा तुकडा हमखास तोकडा. बिजागरी घेताना शटर, म्हणजे कपाटाचं दार, खोक्याची कड बाहेरून झाकणारं असेल तर झीरो क्रँक, आत बसणारं असेल तर सोळा क्रँक. दुकानदाराला नुसतं 'सॉफ्ट क्लोज' सांगितलं की तो पहिली हाताला लागेल ती देतो. ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या टेलिस्कोपिक चॅनलला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच लागतो. खोका चिकटवल्यावर कोपऱ्याला गुण्या (काटकोन) लावून समाधान मानू नका, दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे हवेत. शटरला एकाच बाजूने सनमायका लावलात तर ते पापडासारखं वळेल.

पाच फुटांचा क्रेडेंझा मधल्या उभ्या फळीशिवाय करू नका. फोटोत सलग मोकळा कप्पा छान दिसतो. पण आधारांमधलं अंतर दुप्पट झालं की तेवढ्याच वजनाला फळी आठपट वाकते, आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे हलके नसतात.

खोका जमिनीला टेकवणं

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री आमच्या कारेलीबागेत घरोघर आली. माझ्या तळमजल्यावर पाणी पाचेक इंच चढलं. शेजारच्या घरी नवाकोरा क्रेडेंझा होता, खाली स्कर्टिंग, जमिनीशी अगदी एकजीव, 'क्लीन लुक'. आत साधा एमआर प्लाय, म्हणजे हवेतली ओल सोसणारा, साचलेलं पाणी नाही. पाणी ओसरल्यावर आठ दिवसांत खालच्या कडा पुस्तकाच्या पानांसारख्या उलगडल्या, शटरं बंद होईनात. माझं कपाट 7 इंचांच्या पायांवर उभं होतं, ते वाचलं.

पूर रोज येत नाही, पोछा रोज येतो. म्हणून निदान तळाला तरी आयएस 710 चा मरीन प्लाय वापरा. पायांच्या खालच्या टोकाला लाकडाच्या उभ्या रेषांची तोंडं उघडी असतात, ती नळीसारखं पाणी ओढतात. तिथे पॉलिशचे तीन-चार हात आणि खाली नायलॉनचं बूच. मी हे पाय बसवायच्या आधीच करते, नंतर कपाट उलटं करायला माणसं मिळत नाहीत.

पाय संखेड्याचे, लाख चढवलेले, खरादावरचे हवेत असं बऱ्याच जणांना वाटतं. सुंदर असतात. मग वरचा खोकाही तसाच नटवा; राखाडी सनमायकाच्या डब्याखाली ते पाय म्हणजे जीन्सखाली मोजडी. काहींना तेही आवडतं म्हणा.

पावसात पॉलिश

दमट हवेत मेलामाइन पॉलिश मारलं की वर पांढुरकी साय येते. उघडीप येईपर्यंत थांबा.

सजवताना

फळा म्हणजे शोकेस नव्हे. समई, ट्रॉफी, चिनी बांबू, मुलाचा पदवीदान समारंभ, सगळं एका रांगेत उभं केलं की भांड्याच्या दुकानाची कळा येते. मी एका कडेला उंच वस्तू ठेवते, दुसऱ्या कडेला दोन बुटक्या, मधला फळा मोकळा. एवढा रंधा मारलाय तर तो दिसू दे. वर चित्र टांगताना लोक ते छताकडे नेतात. रविवर्म्याची छापील लक्ष्मी असो की आजोबा, चौकटीची खालची कड फळ्यापासून 6 ते 8 इंचांवर हवी. आणि चहाचा गरम कप थेट शेलॅकच्या (लाखेच्या) पॉलिशवर ठेवणाऱ्याला मी दुसऱ्यांदा चहा देत नाही.

भाच्याने नवा फळा करायला घेतलाय. फळ्या त्याच्या सोफ्यामागे रचल्यात, त्यांवर माझ्या अक्षरात तारखा. काल पुन्हा विचारलं, "मावशी, आता?" मी मोजपट्टी लावली. गेल्या रविवारपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी.