कॅलिफोर्नियात ईएमटी (ॲम्ब्युलन्सवर तातडीचे प्रथमोपचार करणारा तंत्रज्ञ) व्हायचंय आणि मागे एखादी केस झालीय? मग ही तयारी आधी करा

पहिलं काम म्हणजे कोर्सची फी भरण्याआधी स्वतःचं रेकॉर्ड मागवणं. ईएमटीचा कोर्स किमान 170 तासांचा, त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा, आणि प्रमाणपत्राचा अर्ज येतो तो या सगळ्याच्या शेवटी. तिथे अडलात तर तोवरचे महिने आणि पैसे दोन्ही गेले. राज्याच्या न्याय खात्याकडून स्वतःची नोंद 25 डॉलरांत मिळते, एफबीआयकडून 18 डॉलरांत. बोटांचे ठसे देण्याचा खर्च वेगळा. दोन्ही मागवा. आपल्या घरांत "ते प्रकरण मिटलं" एवढंच सांगितलं जातं. प्रत्यक्षात तेव्हा वकिलाच्या सल्ल्याने 'नो कॉन्टेस्ट' (गुन्हा कबूल नाही, पण आरोप लढवतही नाही) म्हटलेलं असतं, आणि प्रमाणपत्राच्या नियमांत तेही दोषी ठरणंच धरलं जातं.

नोंद हाती आली की प्रत्येक केसपुढे दोन गोष्टी लिहा: ती फेलनी (गंभीर गुन्हा) होती की मिस्डिमीनर (किरकोळ गुन्हा), आणि दोषी ठरल्याची तारीख. तुरुंगवास झाला असेल तर सुटकेचीही. राज्याचे नियम याच तारखांवर चालतात. खून, खुनाचा प्रयत्न, लैंगिक गुन्हेगार म्हणून नोंदणी करावी लागणारे गुन्हे किंवा दोन फेलनी असतील तर प्रमाणपत्र नाकारावंच लागतं. फेलनीसाठी पॅरोल (तुरुंगातून सुटल्यावरची देखरेख) किंवा प्रोबेशन (तुरुंगाऐवजी कोर्टाच्या अटींवरची देखरेख) चालू असेल, तर ते संपेपर्यंत दार बंद. एका फेलनीनंतर सुटकेपासून 10 वर्षं जावी लागतात, सदोष मनुष्यवधाला 15. अमली पदार्थांची दोन मिस्डिमीनर पाच वर्षांच्या आत असतील तरी नकार, मारहाण-धमकीची दोन असतील तरी तेच.

चोरीला मात्र एकच मिस्डिमीनर पुरतं. विद्यार्थी म्हणून आलेल्या किंवा इथेच वाढलेल्या मुलांनी हे नीट वाचावं. दुकानातून न पैसे देता उचललेली छोटीशी वस्तू, त्यावर झालेला दंड, आणि पुढची पाच वर्षं ईएमटी नाही. म्हणूनच केस अजून कोर्टात असेल तर गुन्हा कबूल करण्याआधी डायव्हर्जन (शिक्षेऐवजी कोर्टाने घातलेल्या अटी पुऱ्या करण्याची संधी) मिळतं का ते वकिलाला विचारा; अटी पाळल्या की केस रद्द होते आणि दोषी ठरल्याची नोंद राहत नाही. व्हिसावर असाल तर इमिग्रेशनच्या वकिलालाही त्याच आठवड्यात भेटा, कारण ते कायदे वेगळे चालतात.

यानंतर अर्जातला प्रश्न. जुनी केस कोर्टाने कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेच्या 1203.4 कलमाखाली काढून टाकली असली तरी परवान्याच्या अर्जात विचारलं तर ती सांगावीच लागते. हे त्या कलमातच लिहिलं आहे. "आता कशाला उकरून काढायचं" हा आईवडिलांचा सल्ला मायेपोटी येतो, पण इथे तो मुलाचं नुकसान करतो. ठशांमधून केस दिसणारच असते, आणि खोटी माहिती देणं हे नकाराचं स्वतंत्र कारण आहे.

याला एक अपवाद आहे आणि तो मला मनापासून पटतो. कॅलिफोर्नियात कैद्यांच्या तुकड्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून वणवे विझवताहेत. सुटल्यावर मात्र अग्निशमन दलात जागा मिळणं जवळपास अशक्य, कारण बहुतेक दलांना ईएमटी लागतो आणि तो फेलनीमुळे अडतो. सप्टेंबर 2020 मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी एबी 2147 या विधेयकावर सही केली. त्यानुसार अशा तुकडीत चांगलं काम केलेल्या माणसाला सुटकेनंतर कोर्टाकडे केस काढून टाकण्याची मागणी करता येते, आणि ती मान्य झाली की परवान्याच्या अर्जात ती केस सांगावी लागत नाही. खून, बलात्कार, अपहरण, जाळपोळ अशा गुन्ह्यांना ही सवलत नाही. तुम्ही किंवा ओळखीचं कुणी या तुकड्यांत असेल तर अर्जाआधी ही पायरी चुकवू नका.

कागदांची फाइल अशी करा: प्रत्येक केसच्या निकालाची कोर्टाचा शिक्का असलेली प्रत, पोलीस अहवाल, प्रोबेशन संपल्याचा कागद, दंड भरल्याच्या पावत्या, आणि काय घडलं ते सांगणारं तुमचं एक पानी निवेदन. निवेदनात सबबी नकोत. घटना, तारीख, त्यानंतर काय बदललं, एवढंच.

लाइव्ह स्कॅनचा (बोटांचे ठसे डिजिटल पद्धतीने देण्याचा) फॉर्म ज्या काउंटीच्या ईएमएस एजन्सीकडे, म्हणजे ईएमटीचं प्रमाणपत्र देणाऱ्या स्थानिक आपत्कालीन वैद्यकीय सेवेच्या कार्यालयाकडे, अर्ज करणार तिचाच घ्या. नोकरीसाठी आधी दिलेले ठसे इथे चालत नाहीत, निकाल फॉर्मवरच्या एजन्सीलाच जातो. प्रमाणपत्र मिळाल्यावर पुढे कधी अटक झाली तर तीही एजन्सीला कळते. ॲम्ब्युलन्स चालवायची असेल तर डीएमव्हीचं (वाहन परवाने देणाऱ्या खात्याचं) प्रमाणपत्र वेगळं, त्यासाठी ड्रायव्हिंगचं रेकॉर्डही काढून ठेवा.

आणि नकाराचं पत्र आलंच, तर त्याच दिवशी त्यातली मुदत कॅलेंडरवर लिहा. प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी मागण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण ती मुदतीत आणि लेखी मागावी लागते.