जागा मोकळी असूनही ‘डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही’ : माझा अनुभव

नागपुरात धरमपेठेतील आमच्या कार्यालयात तापमानाच्या नोंदींच्या लाखो छोट्या फाइल लिनक्स संगणकाच्या १०० जीबीच्या ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल साठवण्याची प्रणाली) पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या एका भागावर, साठतात. निम्म्याहून अधिक जागा मोकळी दिसत असतानाही नवी फाइल तयार होईना. मोठ्या जुन्या फाइल काढल्या, रूटसाठीची (मुख्य प्रशासक खात्याची) राखीव जागा ‘ट्यून२एफएस’ या फाइल-प्रणालीची मांडणी बदलणाऱ्या आदेशाने ५ वरून १ टक्क्यावर आणली, डिस्कही तपासली, दोन रात्री वाया गेल्याचा मनस्ताप फार झाला.

अखेर आयनोडचा वापर दाखवणाऱ्या ‘डीएफ -आय’ या आदेशाने उलगडा केला : आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंदीची जागा) १०० टक्के संपले होते. मूळ मांडणीत दर १६,३८४ बाइटमागे एकच आयनोड मिळतो, म्हणजे १०० जीबीत सुमारे ६५ लाख, आणि हे प्रमाण नंतर ‘ट्यून२एफएस’ने बदलता येत नाही.

म्हणून पार्टिशन नव्याने फॉरमॅट करायचे ठरवले. प्रथम ‘आरसिंक’ या नक्कल करणाऱ्या आदेशाने सर्व माहिती दुसऱ्या डिस्कवर नेऊन ती पडताळली. मग पार्टिशन अनमाउंट करून (वापरातून सोडवून) ‘एमकेएफएस.ईएक्सटी४’ हा फॉरमॅट करणारा आदेश ‘-आय ४०९६ -एम १’ (दोन्ही अक्षरे लहान लिपीतली; दर ४,०९६ बाइटमागे एक आयनोड, राखीव जागा १ टक्का) या पर्यायांसह चालवला. त्यामुळे आयनोड चौपट झाले, मात्र प्रत्येकी २५६ बाइटप्रमाणे त्यांच्या तक्त्याने सुमारे ६ टक्के जागा घेतली, जी छोट्या फाइलींसाठी मला रास्त वाटते. त्यानंतर ‘बीएलकेआयडी’ या आदेशाने मिळालेला नवा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) ‘एफएसटॅब’मध्ये, म्हणजे सुरू होताना काय माउंट करायचे (वापरासाठी जोडायचे) त्या यादीच्या फाइलमध्ये, लिहिला (हे राहिले, तर पुढच्या वेळी पार्टिशन माउंट होत नाही), माउंट केले आणि माहिती परत आणली.