'ध' चा 'मा' कोणी केला, हे स्वतः कसं तपासायचं

आधी शनिवारवाड्यात जा, पण दिल्ली दरवाज्यापाशी फोटो काढून परत फिरू नका, दक्षिणेकडचा नारायण दरवाजा बघा, नारायणरावांचं प्रेत इथूनच बाहेर नेलं असं सांगतात. ३० ऑगस्ट १७७३, पोरगा जेमतेम १८ वर्षांचा हो, आणि पेशवा. गारदी, म्हणजे वाड्याचे भाडोत्री पहारेकरी, आत घुसले तसा तो काका रघुनाथरावांकडे धावला, तरी मारलाच. तिथे उभं राहिलं की खरंच पोटात कालवतं.

मग एका कागदावर दोन रकाने पाडा. एकीकडे नक्की माहिती: खून गारद्यांनी केला, न्यायाधीश रामशास्त्र्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी धरलं. दुसरीकडे ऐकीव गोष्टी, म्हणजे रघुनाथरावांच्या बायकोने, आनंदीबाईंनी, गारद्यांना दिलेल्या पत्रात 'धरावे' चं 'मारावे' केलं ही. आपण सगळे हीच गोष्ट ऐकत मोठे झालो, पण ते पत्र कुठंय?

बखर वाचताना ती घटनेनंतर किती वर्षांनी आणि कोणाच्या पदरी राहून लिहिली हे आधी बघायचं, त्या काळातलं पत्र असेल तर त्याला जास्त वजन द्या. जुन्या कागदपत्रांसाठी सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहेच, थोडी मोडी लिपी शिकून घ्या, 'ध' आणि 'मा' स्वतःच्या हाताने लिहून बघा, एकाचं दुसरं करणं किती सोपं ते आपलं आपल्यालाच कळेल.