टॅलिस्कर चाखायची तर आधी तिचं तांब्याचं भांडं समजून घ्या

मी तांबटाच्या घरात वाढले. जुन्या नाशकात नाना बंब, हंडे मठारायचे आणि आम्हा भावंडांना जाग यायची ती हातोडीच्या ठोक्यांनी. आता मी गंगापूर रोडकडच्या एका वाइनरीत पाहुण्यांना चाखणी देते. तिथं स्कॉचबद्दल विचारणारे हमखास भेटतात. त्यांना मी सांगते, बाटलीवरचं वय नंतर वाचा, आधी ती कुठल्या भांड्यातून आली ते बघा.

सुरुवात टॅलिस्कर या स्कॉच व्हिस्कीपासून करा. स्कॉटलंडच्या स्काय बेटावर, कारबॉस्ट गावात खाडीकाठी १८३० मध्ये मॅकॲस्किल बंधूंनी तिची डिस्टिलरी, म्हणजे दारू गाळायचा कारखाना, काढली. तिथं पहिल्या उकळीची भांडी दोन आणि दुसऱ्या उकळीची तीन आहेत. जोड्या जुळत नाहीत, कारण १९२८ पर्यंत तिथं दारू तीनदा गाळत असत.

भांडी तांब्याचीच का? आंबवलेल्या जवात गंधकाचे अंश असतात, त्यांना उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. वाफ तांब्याला लागून जाते तेव्हा तांबं ते अंश ओढून घेतं. वाफेचा तांब्याशी सहवास जितका जास्त, तितकी दारू हलकी. ग्लेनमोरंजी या दुसऱ्या स्कॉटिश डिस्टिलरीच्या भांड्यांची मान पाच मीटरहून उंच आहे, म्हणून तिची व्हिस्की नाजूक. या कामात पत्रा झिजून पातळ होतो आणि भांडं बदलावंच लागतं.

टॅलिस्करच्या पहिल्या उकळीच्या भांड्यांची वाफेची नळी मात्र सरळ जात नाही. ती खाली वाकून पुन्हा वर चढते. जड वाफ त्या वाकणात गार होते आणि बारीक नळीतून परत भांड्यात येते. पुढे वाफ थंड होते तीही जुन्या पद्धतीनं, पाण्याच्या लाकडी पिंपात बुडवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यात.

१९६० मध्ये एका भांड्याची झडप उघडी राहिली, दारू बाहेर येऊन पेटली आणि भट्टीघर जळालं. नवी भांडी केली ती हुबेहूब जुन्यांसारखी, वाकणासकट. मला हे फार जवळचं वाटतं. गिऱ्हाईक जुनी घागर पुढ्यात ठेवून ‘अश्शीच हवी’ म्हणायचं, तेव्हा नाना आधी सुतानं तिची मान मोजायचे.

आता चाखा. ग्लास निमुळत्या तोंडाचा घ्या, व्हिस्की ३० मिली पुरे. बर्फ नको, नाशकातल्या मे महिन्यात बाटली माठाशेजारी गारव्याला ठेवा. वाइनसारखा ग्लास गरागरा फिरवून नाक आत घालू नका, नाक बधिर होतं. ग्लास हनुवटीशी धरा, ओठ किंचित उघडे ठेवा आणि हळूच वास घ्या. दहा वर्षांची टॅलिस्कर ४५.८ टक्के अल्कोहोलची असते, म्हणून पहिला घोट अगदी छोटा. तो जिभेवर घोळवा. मग चमच्यानं पाण्याचे चार-पाच थेंब घाला आणि पुन्हा वास घ्या. दडलेला गोडवा आता वर येतो.

धूर जाणवेल तो पीटचा. पीट म्हणजे दलदलीत साचलेल्या शेवाळ-गवताचा थर. तो वाळवून जाळतात आणि त्या धुरावर मोड आलेले जव सुकवतात. घोट गिळल्यावर घशाशी मिरी चुरचुरते. ती येईपर्यंत थांबा, लगेच चकल्या-शेंगदाण्यांकडे हात नको.

रिकामा ग्लास रात्री धुऊ नका. सकाळी हुंगून बघा. नानांची भट्टी विझल्यावर त्या कोपऱ्यात यायचा तसा गार राखेचा वास त्यात उरलेला असतो.